शिजवतं कोण?

पप्पांना घेऊन बाहेर खायला जायचं म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढून टाळायचे. ते काय खातील याची काळजी नसायची, ते काय विचारतील याची असायची.

आई गेल्यावर मी त्यांना अलिबागजवळच्या आमच्या गावाहून हिंजवडीला घेऊन आले. माझं ऑफिस इथलंच, फ्लॅट इथलाच. गॅलरीतून खाली पाहिलं की सकाळ-संध्याकाळ कंपनीच्या गाड्यांची न हलणारी रांग दिसते. पप्पा तिथं खुर्ची टाकून बसायचे आणि गाड्या पुढं सरकतात का ते बघायचे. गावात त्यांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं. शनिवारी प्रार्थना चालवणारा कुणी नसला की सिनेगॉगमध्ये तेच पुढं उभे राहायचे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमचं आडनाव गावावरून आलेलं आहे आणि त्याच्या शेवटी 'कर' आहे. त्यामुळे ऑफिसात कुणाला काही कळत नाही. कुणी विचारलं तर मी सांगते. आपणहून मात्र सांगत नाही. अलीकडच्या वर्षांत तर अजिबातच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर इस्राएलकडच्या लढाईवरून माणसं एकमेकांना काय काय लिहितात ते वाचून मी फोन पालथा ठेवून देते.

आई होती तोवर आमच्या घरी खाण्याच्या नियमांवर कधी चर्चा झाली नाही. ते सगळं तिच्या हातात होतं. खवल्यांचाच मासा आणायचा, कोळंबी-खेकडा दारातसुद्धा नको. मटण मीठ लावून रक्त निघेपर्यंत ठेवायचं आणि नारळाच्या दुधात करायचं. ते जेवल्यावर दही मागायचं नाही. पप्पा ताटात येईल ते खायचे. ती गेल्यावर मात्र ते बदलले. मेथी निवडताना एकेक पान खिडकीच्या उजेडाला धरायला लागले. तांदूळ पांढऱ्या कापडावर पसरून बसायला लागले. मला वाटायचं, आईनं सांभाळलेलं सगळं आता त्यांच्या एकट्याच्या अंगावर आलंय, आणि आपल्या हातून काहीतरी निसटेल या धास्तीनं ते सारखे मागं वळून बघतायत.

त्यांना मधुमेह होता. जेवणाआधी इन्सुलिनची सुई घ्यावी लागायची. ती घेतल्यावर वेळेत जेवण झालं नाही तर साखर झपाट्यानं उतरायची. एकदा असं झालं तेव्हा ते मला ओळखेनासे झाले होते. डॉक्टर म्हणाले, "वाढलेली साखर हळूहळू त्रास देते. उतरलेली साखर वेळ देत नाही." तेव्हापासून ते वाक्य माझ्या मानेवर बसलेलं आहे.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मला पिरंगुटजवळच्या भरे गावाच्या बाजूला नवीन निघालेल्या एका जागेबद्दल सांगितलं. शहरातल्या एका जोडप्यानं तिथल्या शेतकऱ्याची जागा भाड्यानं घेऊन विगन खानावळ काढली होती. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध-तूपसुद्धा नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच संध्याकाळी पप्पांना सांगितलं. मांस आणि दूध या दोन्ही गोष्टी जिथं नाहीतच, तिथं त्या एकमेकांत मिसळणार कशा? एक तरी जागा मिळाली, असं मला वाटलं.

पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग गणिताच्या मास्तरसारखे एकेक पायरी विचारायला लागले.

"पालेभाजी कोण बघतं?"

"धुतात की, पप्पा."

"धुणं वेगळं, बघणं वेगळं. अळी, मावा पोटात गेला तर तो निषिद्ध मटणापेक्षा मोठा दोष आहे आपल्यात. बरं, व्हिनेगर कशाचं वापरतात? द्राक्षाचं असेल तर ते आपल्याच माणसानं केलेलं लागतं."

"मला नाही माहीत."

"भांडी नवी घेतली की आधीच्या कुठल्या हॉटेलची? आणि शिजवतं कोण?"

मी याच शेवटच्या प्रश्नाला घाबरायचे. आमच्या शास्त्रात त्याला अर्थ आहे. शिजवण्यात ज्यू माणसाचा हात लागला पाहिजे. निदान भांडं तरी त्यानं चुलीवर ठेवलं पाहिजे. आमच्या लोकांपैकी फार थोडे हे इतकं काटेकोर पाळतात. पप्पासुद्धा पूर्वी शाकाहारी हॉटेलात निवांत डोसा खायचे. पण आता त्यांनी धरलं होतं. आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जाऊन, स्वच्छ धोतर-सदऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं 'शिजवतं कोण' असं विचारलं, तर त्याचा एकच अर्थ निघतो. तो अर्थ त्यांच्या डोक्यात येतच नव्हता. माझ्या डोक्यातून जात नव्हता.

"तिथं जाऊन असं विचारू नका हं," मी म्हटलं.

"न विचारता कळणार कसं?" ते म्हणाले.

विषय तिथंच राहिला. आम्ही तिकडं गेलो नाही.

मग उन्हाळ्यातला एक रविवार आला. पप्पांच्या शाळेतले एक जुने सहशिक्षक पिरंगुटच्या पुढं मुठे गावात मुलाकडं राहत होते. अंथरुणाला खिळलेले. पप्पांना त्यांना एकदा भेटायचं होतं. मी डबा घेतला, पिण्याचं पाणी घेतलं, सुई थंड राहावी म्हणून बर्फाची पिशवी घेतली आणि सकाळी निघालो. दोघं म्हातारे हातात हात घेऊन बसले. त्या घरी पाहुण्यांसाठी मटण शिजत होतं. सूनबाई आग्रह करत होत्या आणि पप्पा हात जोडून नको म्हणत होते. आमचा डबा होताच. त्यांनी सुई घेतली आणि मी गाडीतून डबा आणून उघडला. आमटीवर फेस आला होता. भाताला वास येत होता. उन्हात उभ्या गाडीत सगळं आंबलं होतं.

सूनबाई म्हणाल्या, "भाकरी टाकते की पटकन."

पप्पा म्हणाले, "केळी आहेत ना? केळी पुरेत. तासाभरात घरी पोचू."

त्यांनी केळी खाल्ली. मी मनात हिशेब करत होते आणि तो जुळत नव्हता. तरी निघालो.

पिरंगुट येईपर्यंत सगळं ठीक होतं. तिथून हिंजवडीच्या रस्त्याला लागलो आणि भऱ्याच्या अलीकडं गाड्या थांबल्या. पुढं कारखान्याच्या वळणावर एक कंटेनर आडवा अडकला होता. मागं वळायलाही जागा राहिली नाही. मी एसी वाढवला. पप्पांकडं बघितलं तर त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

"पप्पा, बरं वाटतंय ना?"

"हो. जरा थरथरतंय."

मी त्यांच्या बोटाला सुई टोचून साखर तपासली. आकडा बघून मी तो त्यांना दाखवला नाही. गाडीत ग्लुकोजच्या पुडीचा तळ उरला होता. तो पाण्यात कालवून त्यांना पाजला. थोड्या वेळानं थरथर थांबली. पण मला ठाऊक होतं की हे तात्पुरतं आहे. सुईचं औषध अंगात काम करतच राहणार होतं. त्यांच्या पोटात भात-भाकरीसारखं काही जाणं गरजेचं होतं, आणि पुढची गाडी हलत नव्हती.

डाव्या हाताला, शेताच्या कडेला, हिरवा बोर्ड दिसला. त्यावर एक पान काढलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'शंभर टक्के वनस्पतीजन्य'. मैत्रिणीनं सांगितलेली तीच जागा. मी रस्त्याखाली चाकं घातली आणि धुरळा उडवत गाडी आत घेतली.

आंब्याच्या झाडाखाली टेबलं मांडली होती. एका टेबलावर सायकलवाल्यांचे रंगीत कपडे घातलेली तीन-चार तरुण मंडळी बसली होती. बाजूला खाटेवर टोपी घातलेला एक वयस्कर गृहस्थ होता. जागेचा मालक तोच. खानावळ चालवणारं जोडपं सामान आणायला गेलं होतं आणि त्याच कोंडीत अडकलं होतं. पत्र्याच्या स्वयंपाकघरात एकच बाई होती, पन्नाशीची, काटक. कासोटा घातलेला, कपाळावर गोंदण. मागच्या डोंगरावरच्या वाडीतून ती रोज उतरून यायची, हे मला नंतर कळलं.

"जेवायला काय आहे? लवकर पाहिजे," मी म्हटलं.

"वरण हाय, वांग्याची भाजी हाय. भात संपलाय, लावते आत्ता. बसा की."

मी पप्पांना खुर्चीवर बसवलं. त्यांच्या हाताला धरून मी हळूच म्हणाले, "काही विचारू नका. वरण प्या आधी." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला त्या क्षणीच कळलं की ते विचारणार.

"बाई," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण मास्तरचा होता, सगळ्यांना ऐकू गेला. "इथं शिजवतं कोण?"

ती बाई भांडं पुसत होती, ती थांबली.

"मीच शिजवते. का?"

"तुम्हीच? म्हणजे चूल पेटवण्यापासून सगळं तुमच्याच हातचं?"

"व्हय. माज्याच हातचं." तिनं भांडं खाली ठेवलं. "का बाबा, आमच्या हातचं चालायचं न्हाई का तुमाला?"

सायकलवाल्यांचं बोलणं बंद झालं. खाटेवरचा मालक उठून बसला. सायकलवाल्यांतल्या एका मुलीनं मोबाईल उचलला आणि आमच्याकडं वळवला. ती रेकॉर्ड करत होती की नाही, मला आजही माहीत नाही. पण मला पुढचं सगळं दिसलं. पप्पांचा चेहरा लाखो फोनवर, खाली आडनाव, ऑफिसातली माणसं, सोसायटीचा ग्रुप. आणि मग कुणीतरी शोधून काढेल की हे लोक नेमके कोण आहेत.

मालक चालत आला आणि पप्पांच्या समोर उभा राहिला. "मास्तर दिसताय. कुटले तुमी?"

"अलिबागकडचे."

"मंग हितं यिऊन ह्ये काय इचारताय? ही बाई आमच्या हितं समद्यांना जेवाय घालती. पुन्याची मोठमोठी मानसं यिऊन खात्यात. तुमी कोन लागून गेला?"

"मी ज्यू आहे," पप्पा म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच मी तो शब्द अनोळखी माणसांसमोर इतक्या मोठ्यानं उच्चारलेला ऐकला.

"म्हंजे मुसलमान का?"

"नाही. वेगळे. आमच्यात खाण्याचा नियम आहे. आमच्या माणसानं भांडं चुलीवर ठेवायला हवं." पप्पांना दम लागत होता. ते मालकाकडं न बघता त्या बाईकडं बघत होते. "बाई, मी तुमची जात विचारली नाही. मला ती नकोय. एखाद्या भटजीबुवांच्या घरी गेलो असतो तरी हेच विचारलं असतं."

बाईनं जरा विचार केला. "म्हंजे बामनाच्या हातचंबी चालत न्हाई?"

"नाही."

मालकाला हसू आलं. खांद्यावरचा पंचा झटकून तो म्हणाला, "ह्ये नवीनच ऐकतोय." आणि परत खाटेकडं गेला. मुलीनं मोबाईल खाली ठेवला. बाई मात्र हसली नाही.

"तुमचं आसंल ते बराबर," ती म्हणाली. "पन ऐकनाऱ्याला तसंच लागतंय बाबा."

पप्पांनी मान खाली घातली. मला वाटतं, ऐकणाऱ्याला काय लागतं ते त्यांना तेव्हा कळलं.

मी त्यांच्या कानाशी लागले. "पप्पा, जिवावर आलं तर सगळं चालतं. तुम्हीच शिकवलंय मला. वरण तयार आहे, प्या."

"जिवावर आलंय का? मी बोलतोय, बसलोय. भात लागायचाच आहे ना अजून? भांडं मी ठेवतो. मग काही प्रश्नच नाही."

आणि ते उठले. मी अडवत होते, तरी उठले. त्या बाईनं तांदूळ निवडून ताटात घेतले होते. त्यांनी ते ताट जवळ ओढून त्यात बोटं फिरवली. डोळे बारीक करून पाहिलं. तिनं तांदूळ धुऊन पातेल्यात घातले, पाणी घातलं आणि ती बाजूला झाली. पप्पांनी दोन्ही हातांनी ते पातेलं शेगडीवर ठेवलं. हात कापत होते, पाणी हिंदकळून जाळ फसफसला. बाई कंबरेवर हात ठेवून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कौतुकही नव्हतं.

मग ते पाणी उकळायची वाट बघणं सुरू झालं. मी आयुष्यात अनेक गोष्टींची वाट पाहिली आहे. आईच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसले होते, तेव्हासुद्धा मला इतकी भीती वाटली नव्हती. तिथं निदान आत कुणीतरी जाणता माणूस होता. इथं फक्त एक पातेलं होतं. मी त्यांची साखर पुन्हा तपासली, ती उतरत होती. रस्त्यावर हॉर्न वाजत होते. अॅम्ब्युलन्स बोलावली तरी ती या कोंडीतून येणार कुठून? मी डॉक्टरांना फोन लावला, तो लागला नाही. या सगळ्यात साखर-गूळ मागायचं मला सुचलंच नाही. भाताला नुकता कुठं कढ आला होता.

"आज शनिवार आहे का?" पप्पांनी विचारलं.

"रविवार आहे, पप्पा."

"मग दिवा का लावलास?"

कुठंच दिवा नव्हता. शनिवारचा दिवा आई लावायची, शुक्रवारी संध्याकाळी. त्यांची नजर माझ्यावरून घसरून झाडाकडं गेली. मग ते आईला ज्या नावानं हाक मारायचे त्याच नावानं मला बोलवायला लागले. म्हणाले, चल, होडी सुटेल. त्यांच्या ओठाच्या कडेनं लाळ येत होती आणि सदरा पाठीला चिकटला होता.

मी ओरडले असावे. नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ती बाई मला बाजूला सारून पुढं आली. तिनं गुळाचा खडा फोडून त्यांच्या गालात घातला आणि हनुवटी धरून ठेवली. "गिळा बाबा. हळू." मग आत जाऊन तिनं आपल्या पिशवीतला डबा आणला. त्यात तिच्या स्वतःच्या जेवणाची नाचणीची भाकरी होती. ती तिनं वाटीतल्या गरम वरणात कुस्करली, बोटांनी लगदा केला आणि लहान लेकराला भरवावं तशी त्यांना एकेक घास भरवायला लागली. ते खात होते. पाण्याचा घोट, पुन्हा घास. मी त्यांचं डोकं माझ्या पोटाशी धरून उभी होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. त्यांचा श्वास आधी शांत झाला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मला माझ्या नावानं हाक मारली. तेव्हा मी खाली बसले.

भात शिजला होता. कुणाला त्याची आठवण नव्हती, तो खालून लागल्याचा वास आला तेव्हा मालकानं जाऊन शेगडी बंद केली.

"काय खाल्लं मी?" पप्पांनी विचारलं.

तोंडातली चव, हनुवटीवरचं वरण, समोरची रिकामी वाटी, यांवरून त्यांना अंदाज आलाच होता.

"माजी भाकर खाल्ली तुमी," ती बाई म्हणाली. "नाचनीची. आन हितलं वरान." मग जरा थांबून ती म्हणाली, "अजून येक सांगते. डब्यात भाकरीखाली सुका जवळा व्हता. मालकीनबाई हितं आनू देत न्हाईत, पन मला त्याबिगर जेवान जात न्हाई. भाकरीला लागला आसंल. सांगितल्यालं बरं. तुमचं लई नेम दिसत्यात."

जवळा म्हणजे बारीक सुकी कोळंबीच. आमच्या घरात सात पिढ्यांत न आलेली वस्तू. मी पप्पांच्या तोंडाकडं बघायला घाबरत होते. मला वाटलं ते उलटी काढतील, किंवा रडतील. आईच्या मागं त्यांनी जे जिवापाड सांभाळलं होतं ते एका दुपारी सगळं गेलं होतं, आणि मीच त्यांना इथं आणलं होतं.

पप्पांनी खिशातून रुमाल काढून डोक्यावर टाकला आणि डोळे मिटून हिब्रूत पुटपुटायला लागले. जेवणानंतरचे आभार. गव्हाची भाकरी असली तर ती प्रार्थना लांब असते. नाचणीसाठी छोटी असते. त्यांनी छोटी म्हटली. तेवढं त्यांना त्या अवस्थेतही आठवत होतं.

"निषिद्ध खाल्ल्यावर ही म्हणतात का?" मी नंतर गाडीत विचारलं.

"निषिद्ध खाल्लं तर म्हणत नाहीत," ते म्हणाले. "जीव वाचवायला खाल्लं तर म्हणतात."

त्या रात्री मी झोपले नाही. पुढचे कित्येक दिवस फोन वाजला की दचकायचे. कुठल्या ग्रुपवर पप्पांचा चेहरा दिसतो की काय म्हणून मी व्हिडिओ उघडण्याआधी डोळे बारीक करायचे. काहीच आलं नाही. त्या मुलीनं काढला नसेल, किंवा काढून पुसला असेल. साखर मोजायचं एक यंत्र मी पप्पांच्या दंडाला बसवून घेतलं. साखर कमी-जास्त झाली की माझ्या फोनवर शिट्टी वाजते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ती वाजली की मी बाहेर येऊन त्यांना फोन लावते. भीती कमी झाली असं मला म्हणता येणार नाही. तिला फक्त एक आवाज मिळाला.

महिन्याभरानं पप्पाच म्हणाले, "त्या बाईला भेटायला पाहिजे."

"तिथं जेवायचं?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं की आता त्यांच्या लेखी ती जागा चालणारी झाली की कायमची बंद झाली.

"जेवायचं नाही. तिनंच सांगितलं ना, तिथं जवळा येतो म्हणून. बोर्डावर शंभर टक्के लिहिलंय. ती म्हणाली, तसं नाही. माझा तिच्यावर विश्वास आहे, म्हणून जेवायचं नाही. कोरा चहा पिऊ."

आम्ही गेलो. पप्पांनी घरून आपला स्टीलचा पेला पिशवीत घेतला होता. कोंडी नव्हती, रस्ता मोकळा होता, तरी त्या वळणावर मी गाडी हळू केली. मालक खाटेवर होताच. "या मास्तर," म्हणाला. बाई बाहेर आली. पप्पांनी तिला गावाहून मागवलेली, आमच्या झाडाची केळी दिली आणि हात जोडले. तिनं केळी घेतली आणि विचारलं, "आता बरं हाय ना?"

"बरं आहे. कोरा चहा मिळेल? साखर नको." आणि त्यांनी पिशवीतून पेला काढून तिच्यापुढं धरला.

तिनं तो घेतला नाही. ती त्याच्याकडं बघत राहिली.

"माजा बाप पिरंगुटाला हाटेलात चा प्यायचा," ती म्हणाली. "तवा आमाला आतली कपबशी न्हवती. भाईर, वळचनीला ठिवल्याली येगळी. आपली आपन धुवायची, परत तितंच ठिवायची. तुमी तर सोताच घिऊन आलाय."

ती चिडून बोलली नव्हती. वाईट वाटल्यासारखंही नाही. जे होतं ते सांगत होती, डब्यातल्या जवळ्याचं सांगितलं तसंच. मी पप्पांच्या हातातला पेला घेऊन पिशवीत कोंबायला गेले, पण त्यांनी माझा हात दूर केला. पेला त्यांनीच मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं बघत बसले. आंब्याखाली दुसरं कुणीही नव्हतं. शेताच्या पलीकडं कुठंतरी पोकलेन चालू होता.

"काचेचा पेला आहे का तुमच्याकडं?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"हाय की."

"मग त्यात द्या. काचेला आमच्यात दोष लागत नाही. ती काही धरून ठेवत नाही."

"खरंच, का माजं मन राखाया?"

"खरंच. मन राखायला मला शास्त्र मोडता येत नाही."

तिनं काचेच्या पेल्यात चहा आणला. तो कडेपर्यंत भरलेला आणि कढत होता. पप्पा तो टेबलावर ठेवून निवण्याची वाट बघत बसले. ती समोरच्या खुर्चीवर टेकली आणि त्यांना विचारायला लागली, तुमच्यात आणखी काय काय चालत नाही. ते एकेक सांगत होते. मी फोनवरचा साखरेचा आकडा बघत होते. तो जागच्या जागी होता. मी तो पुन्हा बघितला.